बंद पडण्याची अक्कल

दसरा जवळ आला की आमच्या गावाचा आवाज बदलतो. एरवी परभणीहून येणाऱ्या रेल्वेचा भोंगा, पिंगळीच्या फाटकावर ताटकळलेल्या मोटारसायकली आणि कुणाच्या तरी शेळीचं ओरडणं, एवढंच ऐकू येतं. सोयाबीन वाळलं की चारी बाजूंनी मळणी यंत्रं सुरू होतात आणि दिवसभर माणसं एकमेकांशी ओरडूनच बोलतात. घरी आल्यावरही तो आवाज खाली येत नाही. पानावर बसलेला माणूस मीठ मागतो तेसुद्धा कुणी त्याचा बांध कोरल्यासारखं. आमच्याकडे हा महिना भांडणाचा नसतो, पण पाहुण्याला तसं वाटू शकतं.

या दिवसांत सगळे आभाळाकडे बघतात. मी ट्रॅक्टरच्या मीटरच्या काट्यांखाली असलेल्या एका लहानशा दिव्याकडे बघते. किल्ली फिरवली की इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागतो, दोन श्वासांत विझतो. तो विझला की माझा दिवस सुरू होतो. यंदाही तसंच चाललं आहे. खळ्यावर बायका तोंडाला फडकी बांधून उभ्या असतात, मी सीटवर बसलेली असते, आणि दिवा विझेपर्यंत कुणी माझ्याशी बोलत नाही. त्यांना वाटतं मी देवाचं नाव घेते. घेऊ देत वाटून.

ही सवय मला त्या एका हंगामाने लावली.

सोयाबीन हे लाडावलेल्या जावयासारखं पीक आहे. थोडा उशीर झाला की शेंगा तडकून दाणे रानात सांडतात. थोडं भिजलं की शेंगेतल्या शेंगेत कोंब येतात आणि मग त्याला बाजारात कुणी ओळख दाखवत नाही. कापून गंजी घातली, वर ताडपत्री टाकली, की पुढचे काही दिवस घरातलं कुणीही निवांत जेवत नाही. त्या वर्षी सोयाबीन चांगलं आलं होतं. इतकं चांगलं की मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, दृष्ट लागेल म्हणून गावात सगळ्यांना ते खराब आल्याचं सांगितलं होतं. लोक सांत्वनाला यायचे आणि गंजीचा आकार बघून तोंड वाकडं करून जायचे.

मळणी मीच करते. आमचे हे पूर्णेला रेल्वेत सिग्नल खात्यात आहेत; सुट्टी मिळाली तर येतात आणि आले की झोपतात. मामंजींच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला तेव्हा ट्रॅक्टर माझ्याकडे आला. सुरुवातीला गाव बघायला जमायचं. आता जमत नाही. बाई ट्रॅक्टर चालवते यापेक्षा, बाई आपलं रान आधी नांगरून देते की त्या शेजारच्या वामनरावांचं, यावर लोकांचं लक्ष असतं. प्रगती म्हणतात ती हीच असावी.

मी शिकले ते जुन्या ट्रॅक्टरवर. तो तांबडा होता असं म्हणतात. माझ्या वेळेपर्यंत तो गंजाच्या रंगाचा झाला होता. मामंजींचा त्याच्यावर जीव. रोज सकाळी ते त्याच्याजवळ पाना घेऊन जायचे. "एअर धरली," म्हणायचे. डिझेलच्या नळीत हवा शिरली की इंजिन सुरू होत नाही, त्याला आमच्याकडे एअर धरणं म्हणतात. माणसाने अबोला धरावा तसं. मग एक नट सैल करायचा, अंगठ्याने पंप दाबत राहायचा. आधी फेस यायचा, मग बुडबुडे, मग निवळ डिझेल. नट आवळायचा. "हं, मार," असं मला सांगायचं, की मी किल्ली फिरवायची. तो खोकायचा, काळा धूर ओकायचा, आणि सगळ्या अंगाने थरथरत उभा राहायचा. मामंजींच्या जेवणालाही डिझेलचा वास असायचा. भाकरी मोडली तरी यायचा. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, त्यांच्या ताटाला वेगळा साबण लावायच्या.

आणि एवढं करून मामंजी पारावर सांगायचे, "ह्या गड्यानं कदी धोका दिला न्हाई."

सकाळी त्याच्या पोटात हात घालायचा, दुपारी पट्टा चढवायचा, संध्याकाळी उतारावर उभा करायचा म्हणजे दुसऱ्या दिवशी ढकलायला बरं. आणि वर धोका दिला नाही. मला बरीच वर्षं हे कळलं नाही. मग लक्षात आलं की ज्याच्या खोडी आपल्या अंगवळणी पडल्या त्यालाच आपण भरवशाचा म्हणतो. आमच्या ह्यांच्या स्वभावाबद्दलही घरात असंच चांगलं मत आहे.

निळा ट्रॅक्टर घेतला तो मळणी यंत्र मोठं झालं म्हणून. दुकानातल्या माणसाने मला बसवून सगळं समजावलं. जुन्या इंजिनात पंप एकेका नोजलला, म्हणजे डिझेल फवारणाऱ्या तोटीला, पाळीपाळीने डिझेल पाठवायचा, आपण पंगतीत वाढतो तसं. नव्यात एकाच जाड नळीत सगळं डिझेल भयंकर दाबाखाली भरून ठेवलेलं असतं आणि कोणतं नोजल कधी उघडायचं ते कॉम्प्युटर ठरवतो. नोजलची भोकं केसाहून बारीक. डिझेल धुक्यासारखं उडतं, धूर कमी, ताकद जास्त, बचत.

"हे टिकतं किती?" मी विचारलं.

"डिझेल स्वच्छ असलं तर जन्मभर, मॅडम."

"आणि डिझेल स्वच्छ आहे हे कळायचं कसं?"

त्याने माझ्यापुढे पेढ्यांचा बॉक्स धरला.

ट्रॅक्टर घरी आल्यावर मामंजींनी बॉनेट उघडून बराच वेळ आत पाहिलं. नट दिसेना, अंगठ्याने दाबायचा पंप दिसेना. जिकडे तिकडे काळी झाकणं आणि वायरी. "समदं झाकलेलं हाय," ते म्हणाले. "बाळंतिणीच्या खोलीवानी." मी त्यांना सांगितलं, याच्या नळीला पाना लावायचा नाही. चालू इंजिनात नट सैल केला तर डिझेलची धार कातडीत घुसते, दुकानदाराने मला तीनतीनदा बजावलं होतं. मामंजींना ते लागलं. आपलं काहीतरी करायलाच हवं म्हणून टाकीच्या तोंडातली जाळी उपसून काढली. कॅनमधून डिझेल ओतताना ते जाळीवर तुंबतं आणि हातावर सांडतं, हे त्यांचं म्हणणं. खोटं नव्हतं. गावातल्या निम्म्या ट्रॅक्टरांच्या जाळ्या अशाच गोठ्यात खिळ्याला टांगलेल्या असतात.

त्या जाळीशिवाय तो ट्रॅक्टर दोन उन्हाळे, दोन पावसाळे उत्तम चालला. सकाळी किल्ली फिरवली की सुरू. मामंजी पाना घेऊन यायचे आणि परत जायचे. काम नसलेला माणूस घरात कसा दिसतो ते मला तेव्हा कळलं. ते दिवसभर माझ्या कामात चुका काढू लागले.

मळणीच्या दिवशी सकाळी दक्षिणेकडे आभाळ भरून आलं होतं. काळं नव्हतं, भांड्याला राख लावल्यासारखं मळकट. सगळ्यांच्या मोबाइलवर पावसाचा निरोप आला होता आणि जो तो तो निरोप दुसऱ्याला पाठवत होता, त्यामुळे एकच पाऊस प्रत्येकाकडे दहा वेळा पडला होता. मी ताडपत्री काढायला सांगितली, मळणी यंत्र जोडलं, आणि सुरू केलं.

मळणीचा वास ज्याने घेतला त्याला सांगावा लागत नाही आणि घेतला नाही त्याला सांगता येत नाही. वाळक्या पाल्याचा, तापलेल्या पट्ट्याचा, धुळीचा. नाकात शिरला की दिवाळीपर्यंत निघत नाही. भुसकट मानेवरून पाठीत उतरतं आणि खाजवायला हात मोकळा नसतो. दाणा मात्र पाहावा. यंत्राच्या बाजूने घमेल्यात पडतो तेव्हा पिवळाधमक, गोल, एकेक वेगळा. पहिली गंजी निम्मी झाली. कट्टे भरत होते. मी आभाळाकडे बघून मनात हिशेब केला: दिवस मावळायच्या आत होतं.

तेवढ्यात पिवळा दिवा लागला. इंजिनाचा आवाज उतरला. चढ चढताना धाप लागलेल्या माणसासारखा. यंत्राच्या तोंडात काड्या तुंबल्या, पट्टा कुंईकुंई करू लागला आणि सगळं थांबलं. सगळ्या रानात एकाएकी इतकी शांतता झाली की खाली बसून मिश्रीची डबी उघडणाऱ्या बाईच्या डबीचा आवाज मला ऐकू आला. बायका अशा वेळी लगेच बसतात. त्यात काही चूक नाही. उभं राहून ट्रॅक्टर सुरू होत नाही.

मी परत किल्ली फिरवली. सुरू झाला, दोन काड्या खाल्ल्या, बंद पडला. परत तेच.

ह्यांना फोन लावला.

"दिवा कोणत्या रंगाचा हाय?" ह्यांनी विचारलं. सिग्नल खात्यातल्या माणसाला दुसरं काही सुचत नाही.

"पिवळा."

"मग हळू जायचं."

"ट्रॅक्टर जागेवर उभा आहे."

"मग तांबडा समज," म्हणाले, आणि त्यांच्याकडे गाडी आली म्हणून फोन ठेवला.

एव्हाना बांधावरून माणसं येऊ लागली होती. बंद पडलेल्या इंजिनाभोवती जितकी माणसं जमतात तितकी चालू इंजिनाला कधी मिळत नाहीत. कुणी म्हणे रॉकेल टाका, कुणी म्हणे बॅटरी काढून लावा, कुणी म्हणे हा आणला तेव्हा रानातल्या म्हसोबाला नारळ फोडला नव्हता. वामनराव म्हणाले, "वैनी, जुना इकायचा नव्हता." हे ते दर संकटात म्हणतात. जुना विकला नव्हता. शेडच्या मागे कोंबड्या त्याच्या सीटवर बसत होत्या.

फाट्यावरून गफूरमिस्त्री आले. जुन्या ट्रॅक्टरचा पंप त्यांनी इतक्यांदा उघडला होता की त्याच्यावर त्यांचा निम्मा हक्क होता. त्यांनी निळ्याच्या बॉनेटवर तळहात ठेवला, कान लावला, आणि हात काढून घेतला.

"भाभी, इसका पंप नै, इसका भेजा बिगड्या," म्हणाले. "मय भेजे का काम नै करता. परभणी से कंपनीवाले कू बुलाव."

मग तेही बसले. मी घरून चहा मागवला, कारण माणसं बसली की चहा लागतो आणि आभाळ तोवर कुणाची वाट बघत नव्हतं. गंजीवर ताडपत्री परत ओढली. तुंबलेल्या काड्या उपसल्या. आत्याबाई किटली घेऊन आल्या आणि ताडपत्रीच्या सावलीत उभ्या राहिल्या.

कंपनीचा मुलगा आला तो छातीवर लॅपटॉपची पिशवी बांधून, इस्त्रीचा शर्ट घालून. प्रतीक नाव. त्याने ट्रॅक्टरच्या खाली कुठेतरी एक वायर खोचली आणि लॅपटॉप माझ्या सीटवर ठेवला. सगळे मागून वाकले.

"ह्येचा बी निकाल लागायलाय का?" मामंजींनी विचारलं.

"लागलाय, आजोबा. नळीत दाब चढत नाही." मग तो माझ्याकडे वळला. "मॅडम, दोनच गोष्टी असू शकतात. फिल्टर तुंबला असेल, तर तासाभरात सुरू करून देतो. पण घाण फिल्टरच्या पुढं गेली असेल तर नोजलं गेली. मग ती काढून मोठ्या शहरात पाठवायची. दिवाळी होऊन जाईल."

दिवाळीपर्यंत माझं सोयाबीन गंजीत गुडघाभर उगवून आलं असतं. भाड्याचा ट्रॅक्टर आणावा तर त्या दिवशी पंचक्रोशीतला प्रत्येक ट्रॅक्टर कुणाच्या ना कुणाच्या खळ्यावर आभाळाशी शर्यत लावत होता. माझ्या लक्षात आलं की एक मुठीएवढा फिल्टरचा डबा, त्यातला कागद, आणि तो कागद अडवतो की सोडतो, यावर माझा हंगाम लटकला आहे. मी म्हणाले, "उघडा."

त्याने आमच्या घरून आणलेल्या परातीत फिल्टर उलटा केला. आधी डिझेल आलं. मग जे आलं ते बघून तो थांबला. पिवळसर तपकिरी, दाट, भातावरच्या वरणासारखं. त्याने बोटाने ते चोळलं. मग चिमट्याने एक दाणा उचलून उजेडात धरला.

"मॅडम, हा तांदूळ आहे."

त्याने आणखी एक काहीतरी उचललं, साल होतं. "आणि ही... विलायची?"

ते दाट पिवळं काय आहे हे मला तोवर कळलं होतं. ते पुरण होतं. मी स्वतः वाटलेलं.

"पोळ्याचा निवद हाय त्यो," आत्याबाई ताडपत्रीच्या सावलीतून म्हणाल्या. आवाजात काही अपराध नव्हता. विचारलं असतं तर आधीच सांगितलं असतं, असा सूर होता.

आमचे बैल विकले त्याला बरीच वर्षं झाली. पोळ्याला ज्याच्या घरी बैल असतो तो बैलांना धुतो, रंगवतो, त्यांचे पाय धुऊन पुरणपोळी भरवतो, अक्षता टाकतो. ज्याच्या घरी नसतो तो मातीचे मांडतो. आत्याबाईंचा हिशेब सरळ होता. बैलाची पूजा तो राबतो म्हणून. आता रानात कोण राबतो? ट्रॅक्टर. राबतो तो जेवतो. जेवतो कुठून? जिथून त्याला आम्ही रोज भरवतो तिथून. म्हणून पोळ्याच्या दुपारी, आम्ही सगळे जेवून आडवे झालो की, त्या टाकीचं झाकण उघडून त्याच्या तोंडात एक घास घालायच्या. वरून चार अक्षता. झाकण लावायच्या.

"टाकीत?" प्रतीकने विचारलं.

"मग काय शिटावर ठिवू?"

"आजी, अहो, ह्याची भोकं केसापेक्षा बारीक असतात..."

"जुन्याला बी देत होते की. दरसाल. त्येला न्हाई कदी ठसका लागला."

इथे त्या मुलाचं शिक्षण डगमगलं. त्याने शेडच्या मागच्या त्या गंजक्या ट्रॅक्टरकडे पाहिलं, मग परातीकडे. "आणि तो चालायचा?"

"पळायचा," आत्याबाई म्हणाल्या.

मामंजी आभाळाकडे बघत होते. मोतीबिंदूचा माणूस आभाळाकडे इतकं निरखून बघतो तेव्हा समजून घ्यावं. गफूरमिस्त्रींनी बशी खाली ठेवली आणि गालातल्या गालात हसत म्हणाले, "चाचा, अब बोल देव."

मामंजींनी घसा साफ केला. "जुन्याला खाली काचेची वाटी होती," ते प्रतीकला म्हणाले, बायकोला नव्हे. "टाकीतली घाण त्या वाटीत उतरायची. पोळा झाला का दुसऱ्या दिवशी मी ती खोलून धुत होतो."

"काय धुत होता?" आत्याबाईंनी विचारलं.

"वाटी."

"वाटीत काय ऱ्हायचं?"

मामंजी पुन्हा आभाळाकडे बघू लागले.

"मंजी एवढी सालं माजा निवद तुमी फेकून देत होता?"

"फेकून न्हाई. लिंबाच्या बुडाला वतत होतो."

"तरीच त्यो लिंब वाळला."

मिश्रीवाल्या बायका आता पूर्ण जाग्या झाल्या होत्या. मळणीच्या दिवसात फुकटची करमणूक सहसा मिळत नाही. आत्याबाईंनी किटली खाली ठेवली आणि मामंजींना जे सुनावायला सुरुवात केली त्यात लिंब होता, पुरण होतं, लग्नात आलेला एक पितळी हंडा होता आणि त्यांच्या माहेरच्या बैलाचं नाव होतं. मामंजी मधून मधून एवढंच म्हणत होते, "सांगितलं आसतं तर तू रडली आसतीस." मग आत्याबाई म्हणायच्या, "मी कदी रडले? दाखवा मला." हे खरं होतं. त्यांना मी कधी रडताना पाहिलं नाही.

मी प्रतीकला म्हणाले, "तुम्ही तुमचं काम करा. हे आभाळापेक्षा जास्त वेळ चालणारं आहे."

त्याने टाकी रिकामी केली, धुतली. जाळी कुठे आहे विचारलं. गोठ्यातून जाळी आली. ती बघून त्याने मामंजींकडे पाहिलं आणि ती जागेवर बसवली. नवा फिल्टर लावला. चारी नोजलांच्या मागच्या बारीक नळ्या काढून त्या चार छोट्या बाटल्यांत सोडल्या. नोजल खराब असलं की त्याच्याकडून जास्त डिझेल परत येतं आणि त्याची बाटली आधी भरते, असं त्याने सांगितलं. भांडणाच्या मधूनच मामंजी म्हणाले, "सलाइन लावलं का?"

"आता मारा, मॅडम."

मी किल्ली फिरवली. इंजिन नुसतं घरघरलं. प्रतीकने बोटाने थांबण्याची खूण केली. टाकीपासून पुढे सगळं रिकामं झालं होतं, डिझेलला वाट काढायला वेळ लागतो. मागे आत्याबाई भांडायच्या थांबल्या होत्या, मामंजीही. दुसऱ्यांदा फिरवली. तिसऱ्यांदा इंजिनाने एकदा श्वास घेतला, सोडला, आणि ते सुरू झालं. दिवा विझला. बाटल्यांत डिझेल चढू लागलं. प्रतीक गुडघ्यावर बसून त्यांच्याकडे बघत होता आणि मी त्याच्या तोंडाकडे. चारी बाटल्या सारख्याच, हळूहळू, बोटाच्या पेराएवढ्या भरल्या आणि त्याने मान वर केली.

"नोजलं ठीक आहेत. फिल्टरनं सगळं अडवलं. तो तुंबला म्हणून इंजिन बंद पडलं, आणि बंद पडलं म्हणून वाचलं."

तो हे सहज बोलला, वायर गुंडाळता गुंडाळता. माझ्या डोक्यात मात्र ते वाक्य राहिलं. जुना कशानेही बंद पडत नसे, कारण त्याच्या खाली एक वाटी होती आणि त्या वाटीखाली एक माणूस होता, जो दर वर्षी गपचूप ती धुवायचा आणि तोंड उघडायचा नाही. पारावर ज्याचं कौतुक व्हायचं तो भरवसा लोखंडाचा नव्हता, निम्मा तरी मामंजींचा होता. नव्याला अशी मदत नाही. आपल्याला जे झेपत नाही ते आत घ्यायचं नाही आणि फार झालं तर उभं राहायचं, एवढंच त्याला येतं. त्या दिवशी मला त्याचा फार राग आला होता. नंतर वाटलं की ही अक्कल आहे आणि ती आमच्या घरात कुणालाच नाही. आम्ही बायका तर सगळ्या जुन्या पंपाच्या. काहीही आत जाऊ दे, धूर काढत चालायचं. हल्ली पाहुणे, मळणी आणि सणाचा स्वयंपाक एकाच दिवशी आला की मी ओट्याशी स्टूल ओढून बसते आणि सांगते, "फिल्टर भरला." पहिल्यांदा सगळे हसले. आता ह्यांना चहा करता येतो. बरा करतात.

पण त्या दिवशी बसायला वेळ नव्हता. उरलेली गंजी आम्ही ज्या वेगाने खाल्ली तशी मळणी मी पुन्हा केली नाही. वामनराव, गफूरमिस्त्री, जो कुणी सल्ला द्यायला आला होता त्या प्रत्येकाच्या हातात मी काड्यांची पेंढी दिली. भांडणही चालूच होतं, पण यंत्राच्या आवाजात आत्याबाईंचे फक्त ओठ हलताना दिसायचे आणि मामंजी मान डोलवायचे. शेवटचा कट्टा शेडमध्ये गेला तेव्हा दिवस मावळला नव्हता, पण दिसत नव्हता. पाऊस आला तो मोकळ्या खळ्यावर आणि भुसकटावर. प्रतीकच्या लॅपटॉपला खताचं पोतं गुंडाळून आम्ही त्याला घरात आणलं. त्याचा इस्त्रीचा शर्ट आता आमच्या शर्टांसारखा झाला होता.

जाताना त्याने मला बाजूला घेऊन सांगितलं, "काकू," मॅडमची काकू मळणीतच कधीतरी झाली होती, "या वेळी वाचलं. जाळी आहे, पण पुरण जाळीतून पाझरतं. पुन्हा एकदा झालं तर नोजलं जातील आणि ऐन हंगामात जातील. टाकीला कुलूप लावा."

मी लावलं. किल्ली माझ्या कमरेला. आत्याबाईंनी ते कुलूप पाहिलं आणि आत गेल्या. मामंजींशी तर त्यांनी अबोलाच धरला होता. ते समोर बसलेले असताना मला सांगायच्या, "त्यास्नी म्हनावं, भाकरी झाली." मामंजी मला सांगायचे, "म्हनावं, आलो." मी दोघांच्या मधली नळी. हिवाळा गेला, उन्हाळा गेला, पेरणी झाली, आणि श्रावण सरत आला.

पोळ्याच्या सकाळी आत्याबाई ताट घेऊन ट्रॅक्टरसमोर उभ्या होत्या. पुरण त्यांनी स्वतः वाटलं होतं. मला हात लावू दिला नव्हता. ह्यांनाही सुट्टी होती आणि ते चक्क जागे होते.

"किल्ली दे," त्या म्हणाल्या.

"देणार नाही, आत्याबाई. बॉनेटवर ठेवा ना."

"त्ये कपाळ हाय. कपाळानं कोन खातंय?"

"चाकाला लावा."

"पाय हाईत ते."

"मंग धुराड्यात घाल," मामंजी पायरीवरून म्हणाले.

त्यांनी मामंजींकडे न बघता मला सांगितलं, "त्यास्नी म्हनावं, तिथून बाहीर पडतंय. आत न्हाई जात." मग त्या बराच वेळ ट्रॅक्टरकडे बघत राहिल्या. पुढून, मागून. मला खरंच वाईट वाटत होतं, पण सोयाबीन फुलात होतं आणि किल्ली मी सोडणार नव्हते.

"ह्येला चालीवतंय कोन?" त्यांनी विचारलं.

"मी."

"तुज्याबिगर हालतंय का?"

"नाही."

"मग चढ वर."

मी चढले. त्यांनी तांब्याने पुढच्या चाकांवर पाणी घातलं, मागच्या चाकांवर घातलं, आणि मग पायरीवर चढून माझ्या पायांवर. मी पाय ओढू लागले तर घोटा धरून ठेवला. कपाळाला कुंकू लावलं, डोक्यावर चार अक्षता टाकल्या. तुपात बुडवलेला पोळीचा भलामोठा तुकडा माझ्या तोंडासमोर धरला.

"आ कर."

लग्न होऊन आले तेव्हापासून या बाईने मला हाताने भरवलं नव्हतं, आणि मी कधी तशी अपेक्षाही केली नव्हती. आमच्यात ती पद्धत नाही. पण ताट माझ्या नाकाशी होतं आणि त्या पायरीवर तोल सावरत उभ्या होत्या. पायरी उंच आहे ती. मी तोंड उघडलं. तूप हनुवटीवरून ओघळलं. त्यांनी ते पदराने पुसलं, जोरात, भांडं पुसावं तसं.

मग त्या पायरीवरून उतरल्या आणि वर्षभरात पहिल्यांदा सरळ मामंजींकडे वळून म्हणाल्या, "आता ह्यो निवद काढून दाखवा बरं बाहीर."

मामंजी हसले. हेही हसले. मी काहीतरी उत्तर द्यायला हवं होतं, पण तोंड भरलेलं होतं, आणि माझ्या तोंडाने त्या वेळी ट्रॅक्टर जेवत होता. मी नीट चावून गिळलं.